पिवळा धोत्रा आणि मोहरीचे तेल : भेसळ ओळखण्याचा एक जुना धडा

ऑलिव्ह तेलाची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. गोठले तर अस्सल, पातळ राहिले तर नकली. मधाचा थेंब पाण्यात सोडावा. तळाशी गेला तर शुद्ध, विरघळला तर भेसळीचा. अशा घरगुती कसोट्या समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्या पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र त्यांच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे : शुद्धता हा पदार्थाचा एक गुण आहे आणि एका कसोटीत तो कळू शकतो. भारतातील खाद्यतेलाच्या भेसळीचा इतिहास वाचला की हे गृहीतक टिकत नाही. त्या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यात झाला आणि त्याचे एक अत्यंत दुःखद प्रकरण दिल्लीत घडले.

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतले जुने गाव. आज त्याच्या गल्ल्यांमध्ये देशभरातून आलेले विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांत मराठी मुलेमुलीही पुष्कळ. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलावर वाढलेल्या या मंडळींना येथे प्रथम सवय करून घ्यावी लागते ती मोहरीच्या तेलाच्या उग्र वासाची. उत्तर आणि पूर्व भारतात हे तेल केवळ फोडणीचे साधन नाही. लोणचे, मासे, भाज्या, अंगाला मालिश, सर्वत्र तेच. एके काळी ते बहुतेक घरांत सुटे येई. दुकानदार डब्यातून मापाने काढून देई आणि गिऱ्हाईक वासावरून पारख करी.

१९९८ च्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या रुग्णालयांत एक विलक्षण चित्र दिसू लागले. एकाच घरातील तीन-तीन, चार-चार माणसे पाय सुजून येत होती. सूज दोन्ही पायांवर, त्वचा लालसर, धाप लागलेली. काहींना जुलाब, काहींचे हृदय निकामी होऊ लागलेले. हा आजार वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत होता : साथीचा जलशोथ. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेल्याने तो होतो. दिल्लीतील त्या साथीत तीन हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि साठांहून अधिक माणसे दगावली.

पिवळा धोत्रा आपल्याही परिचयाचा आहे. पडीक जमिनीवर, रेल्वेच्या रुळांकडेला, बांधांवर उगवणारे काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे हे झुडूप. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात, बंगालीत शियालकांटा. नावात धोत्रा असला तरी ते धोत्र्याच्या कुळातले नाही. ते अफूच्या कुळातले असून मूळचे मेक्सिकोचे आहे. त्याचे शास्त्रीय नावच आर्जिमोन मेक्सिकाना. त्याचे बी काळपट, बारीक, गोलसर, म्हणजे मोहरीसारखेच. मोहरी पिकून काढणीला येते त्याच सुमारास याचीही बोंडे पिकतात. शेतातच दोन्ही बिया एकत्र येण्याची शक्यता असते, आणि ज्याला मुद्दाम मिसळायचे आहे त्याचेही काम सोपे होते. घाण्यातून निघालेल्या तेलात मोहरीचा झणझणीत वास इतका प्रबळ असतो की दुसरे तेल त्याखाली झाकले जाते. नाक हे जुन्या गिऱ्हाइकाचे मुख्य उपकरण. ते येथे निरुपयोगी ठरते.

या आजाराची पहिली नोंद १८७७ मधील कलकत्त्याच्या साथीची. पुढच्याच वर्षी तो मॉरिशसमध्ये, तेथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वस्त्यांत दिसला. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. काहींना हा बेरीबेरीचाच प्रकार वाटला, काहींना संसर्ग. एकाच घरातील अनेकजण आजारी पडत असल्याने संसर्गाचा तर्क स्वाभाविकही होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्यातील ॲक्टन आणि रामनाथ चोप्रा या संशोधकांनी संशयाचे बोट तांदळाकडे वळवले : दमट हवेत साठवलेल्या तांदळात जंतू वाढतात आणि त्यांचे विष शरीरात जाते, असे त्यांचे मत होते. बंगालच्या आहारात भात रोजचाच, त्यामुळे ही उपपत्ती बराच काळ टिकली.

पण भाताबरोबर मोहरीचे तेलही रोजचेच होते. १९२६ मध्ये डॉ. सरकार यांनी या तेलातील पिवळ्या धोत्र्याकडे लक्ष वेधले. १९३७ मध्ये लाल आणि रॉय यांनी साथीच्या अभ्यासातून तो संशय बळकट केला. विचारण्याचा प्रश्न आता बदलला होता. या घरात कोण आजारी आहे, याबरोबरच या घरात तेल कोठून येते, कोण ते खातो आणि कोण खात नाही, हे विचारले जाऊ लागले. अंगावर पिणारी तान्ही मुले या आजारातून सुटतात, ही गोष्ट संसर्गाने नीट उलगडत नाही, स्वयंपाकघराने उलगडते. अखेर १९३९ मध्ये प्रत्यक्ष स्वयंसेवकांना असे तेल देऊन आजाराची लक्षणे उत्पन्न होतात हे दाखवण्यात आले. या प्रयोगाचा शोधनिबंध लिहिणाऱ्यांत पहिले नाव होते रामनाथ चोप्रा यांचे. ज्याने तांदळाची बाजू मांडली त्यानेच तेलाचा पुरावा पुढे ठेवावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक आदरणीय घटना आहे. तो प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसला नसता, हेही तितकेच खरे.

तेलातील विष नेमके कोणते, हे १९४८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका टिपणाने स्पष्ट केले. सँग्विनरिन हे ते अल्कलॉइड. शरीरातील केशवाहिन्या त्यामुळे रुंदावतात आणि पाझरू लागतात. रक्तातील द्रव भोवतालच्या ऊतींत उतरतो आणि पाय सुजतात. पेशींच्या आवरणातून सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणाऱ्या विकरालाही ते अडथळा आणते. काही रुग्णांत डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो. यावर उतारा असे औषध नाही. ते तेल बंद करणे हाच उपचाराचा पाया.

कारण ठाऊक झाल्यावर कसोट्याही आल्या. संशयित तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवले की पिवळ्या धोत्र्याच्या तेलामुळे नारिंगी-लाल ते तपकिरी रंग येतो. फेरिक क्लोराइडची कसोटी याच प्रकारची. सँग्विनरिन अतिनील प्रकाशात चमकते. भौतिकशास्त्रात याला अनुस्फुरण म्हणतात, आणि त्यावरही कसोटी बेतता येते. (विद्यार्थ्यांना कळकळीची सूचना : तीव्र नायट्रिक आम्लाची चाचणी घरी मुळीच करू नये.) मात्र प्रत्येक कसोटीला मर्यादा आहे. नायट्रिक आम्लाची कसोटी सुमारे ०.२५ टक्के भेसळीखाली मूक राहते. कागदी क्रोमॅटोग्राफी ०.०००१ टक्क्यापर्यंत पोहोचते. म्हणजे पहिल्या चाचणीचे ‘आढळले नाही’ आणि दुसरीचे ‘आढळले नाही’ यांत अडीच हजार पटींचे अंतर आहे. अहवालावर मात्र दोन्ही ठिकाणी तेच दोन शब्द असतात.

दिल्लीच्या साथीच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातील मुकुल दास आणि सुभाष खन्ना यांनी या विषयाचा सविस्तर आढावा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. विष ठाऊक होते, रोगाची यंत्रणा ठाऊक होती, कसोट्या होत्या, १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदाही होता. तरीही माणसे मेली. दुकानातील डबा आणि प्रयोगशाळेतील परीक्षानळी यांच्यामध्ये कोणी उभेच नव्हते, हे त्याचे कारण. साथ उघड झाल्यावर दिल्लीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि १७ सप्टेंबर १९९८ रोजी केंद्र सरकारने खाद्यतेल आवेष्टन नियमन आदेश काढला. सुट्या तेलाऐवजी बंद, नाव-पत्ता-तारीख छापलेले पुडे आणि बाटल्या आल्या. लहान घाणेवाल्यांवर याचा मोठा भार पडला आणि त्यांच्या बाजूने आंदोलनही झाले. ती तक्रार निराधार नव्हती. बंद बाटलीमुळे तेल आपोआप शुद्ध होत नाही. परंतु काही विपरीत घडले तर माग काढत कोठे जायचे हे तिच्यामुळे कळते.

अपेक्षित विष शोधण्याची कसोटी अनपेक्षित विषापुढे आंधळी असते, याचाही दाखला कलकत्त्याचाच आहे. १९८८ मध्ये तेथील बेहाला भागात खाद्यतेल खाऊन शेकडो लोकांच्या हातापायांतील शक्ती गेली. त्या तेलात पिवळा धोत्रा नव्हता. ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन होते. याच कुळातील रसायनाने १९३० मध्ये अमेरिकेत हजारो माणसे पंगू केली होती. तेथे ‘जमैका जिंजर’ नावाचे मद्यार्कयुक्त औषध विकले जाई. त्यात आल्याचा अर्क पुरेसा आहे का, हे सरकारी तपासनीस द्रव उकळून मागे उरणाऱ्या घन भागाच्या वजनावरून ठरवीत. भेसळ करणाऱ्यांनी उडून न जाणारे हे रसायन घातले आणि वजन बरोबर भरले. कसोटी काय मोजते हे त्यांना नेमके ठाऊक होते. चीनमध्ये २००८ साली लहान मुलांच्या दुधात मेलामाइन घातले गेले ते याच युक्तीने : प्रथिनांची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन विपुल असतो.

ऑलिव्ह तेलाच्या नावाखाली घडलेली सर्वांत मोठी दुर्घटना स्पेनमधली. १९८१ च्या मे महिन्यात माद्रिदच्या परिसरात विचित्र न्युमोनिया पसरला. येथेही आधी संसर्गाचाच संशय आला. पुढे उलगडले ते असे : औद्योगिक वापरासाठी, खाण्यास अयोग्य व्हावे म्हणून अॅनिलिन मिसळलेले रेपसीड तेल आयात करून, शुद्धीकरणाचा देखावा करून, फिरत्या विक्रेत्यांनी स्वस्त ऑलिव्ह तेल म्हणून विकले होते. सुमारे वीस हजार लोक बाधित झाले, तीनशेहून अधिक दगावले. नेमका घातक रेणू कोणता, हे निर्विवादपणे आजही सिद्ध झालेले नाही. म्हणजे तेथे दोषी तेल सापडले ते रोग्यांच्या स्वयंपाकघरांचा माग काढून. रसायनशास्त्र मागाहून आले.

कायद्याने शहाणपण दाखवल्याचे उदाहरणही नोंदवायला हवे. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळले तर ओळखणे कठीण. म्हणून आपल्या नियमांनी वनस्पतीतच किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक केले होते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्या योगाने तिळाचे तेल गुलाबी-लाल रंग देते. स्वस्त पदार्थावर आधीच खूण करून ठेवायची, म्हणजे तो महागात मिसळताच स्वतःच बोलतो. तरीही तुपाच्या इतर कसोट्यांत एक पेच होताच. ज्या भागात जनावरांना सरकी भरपूर खाऊ घालतात तेथील अस्सल तुपाचे आकडे वेगळे येतात, आणि म्हणून महाराष्ट्रासह काही राज्यांतील कापूस पट्ट्यांसाठी नियमांत स्वतंत्र मर्यादा ठेवाव्या लागल्या. त्या नसत्या तर प्रामाणिक गवळी भेसळखोर ठरला असता.

मधाचे प्रकरण तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून अभ्यासावे असे आहे. ऊस आणि मका यांच्या साखरेत कार्बन-१३ या समस्थानिकाचे प्रमाण फुलांच्या मधुरसातील साखरेपेक्षा किंचित अधिक असते. वस्तुमान वर्णपटमापकाने ते कळते. मग बाजारात तांदळाचा पाक आला, ज्याचा कार्बन फुलांसारखाच. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा ब्रँडचा मध तपासला. भारतीय मानकांच्या चाचण्यांतून बहुतेक मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले. जर्मनीतील प्रयोगशाळेत एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय संस्पंदनाच्या, चाचणीसह सर्व कसोट्यांवर केवळ तीनच टिकले. मध तोच होता, त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता.

मग आपण घरी काय करावे? फ्रिजची कसोटी सोडून द्यावी : तेल कोणत्या तापमानाला घट्ट होईल हे ऑलिव्हच्या वाणावर आणि त्यातील संपृक्त मेदाच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि दुसरी काही तेलेही थंडीत गोठतात. पाण्यातील मधाचा थेंब फक्त दाटपणा सांगतो, आणि पाकही दाट करता येतो. मोहरी आख्खी घेत असाल तर मात्र डोळ्यांचा उपयोग आहे. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, चिरडल्यावर आत पिवळा. पिवळ्या धोत्र्याचा दाणा खडबडीत, जाळीदार, आत पांढरा. तेल सुटे घेऊ नये. पावती आणि बाटलीवरील बॅच क्रमांक संपेपर्यंत जपावा. जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात दुसरे खाद्यतेल मिसळून विकण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि एका घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे पाय सुजले तर डॉक्टरांकडे जाताना तेलाची बाटली बरोबर न्यावी.

१८७७ ते १९३९ ही बासष्ट वर्षे कारण शोधण्यात गेली. पुढची एकोणसाठ वर्षे ते कारण ठाऊक असूनही दिल्ली वाचली नाही. पहिल्या विलंबाचे खापर अज्ञानावर फोडता येते. दुसऱ्याचा हिशेब नमुने घेणाऱ्या निरीक्षकांच्या संख्येत, प्रयोगशाळांच्या अंदाजपत्रकात आणि अहवाल वेळेवर जाहीर होण्यात शोधावा लागेल. आपल्या जिल्ह्यात वर्षभरात खाद्यतेलाचे किती नमुने घेतले गेले आणि त्यांवर कोणत्या चाचण्या झाल्या, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो. एखाद्या विज्ञान मंडळासाठी हा उत्तम प्रकल्प ठरेल.