जीपमधली खरखर

पुण्याचा माझा मावसभाऊ पावसाळा सुरू झाला की मित्रांबरोबर जीप घेऊन सह्याद्रीत चिखल तुडवायला जातो. आमची भारतवारीची तिकिटं निघाली की त्याचा फोन ठरलेला. "दादा, येताना वॉकीटॉकीची एक जोडी आण ना, तिकडे स्वस्त मिळते." आणि लगेच पुढचा प्रश्न, "कुठली घ्यावी रे? एएम की एफएम?"

प्रश्न एका ओळीचा, पण त्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. माझं स्वतःचं उत्तर एकदा डोंगरात साफ चुकलं होतं. ते पुढे येईलच. आधी इतिहास.

एएममध्ये आपल्या आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होते. एफएममध्ये उंची तीच राहते, फ्रिक्वेन्सी थोडी इकडे-तिकडे हलते. आता गाडीत काय होतं बघा. स्पार्कप्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटी वीजच. ती लहरीच्या उंचीत ढवळाढवळ करते. एएम सेटला ही ढवळाढवळ आणि माणसाचा आवाज यातला फरक कळत नाही, म्हणून इंजिनाबरोबर खरखर सुरू. एफएम सेट उंचीतले चढउतार सरळ छाटून टाकतो आणि फक्त फ्रिक्वेन्सीकडे बघतो. खरखर गायब!

हे दाखवून दिलं एडविन आर्मस्ट्राँग या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने. १९३३ च्या डिसेंबरात त्याला एफएमची पेटंटं मिळाली आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये इंजिनियर लोकांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक करून दाखवलं. रेडिओ कंपन्यांना फारसा उत्साह नव्हता, कारण त्यांचं सगळं भांडवल एएममध्ये गुंतलेलं होतं. पण ज्यांना धावत्या गाडीतून बोलायचं होतं त्यांना मुद्दा लगेच पटला. १९४० साली कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांसाठी एफएम यंत्रणा उभारली. ती बांधणारे डॅनियल नोबल पुढे मोटोरोलात गेले आणि पाठीवर घ्यायचा लष्करी एफएम वॉकीटॉकी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला.

मग महायुद्ध. अमेरिकन लष्कराने रणगाड्यांत आणि जीपगाड्यांत एफएम सेट बसवले. 'एससीआर-५०८' हा रणगाड्यातला सेट २० ते २७.९ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्याला दहा बटणं होती, बटण दाबलं की चॅनेल बदलला. हादरणाऱ्या रणगाड्यात कोण सुई फिरवत बसणार? युद्धकाळात आर्मस्ट्राँगने लष्कराकडून पेटंटचे पैसेही घेतले नाहीत.

म्हणजे उबडखाबड रस्त्यावरच्या गाडीत एएम की एफएम, हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या तेव्हाच सुटला होता. मग युद्धानंतर हौशी जीपवाल्यांच्या हातात काय आलं? एएम!

त्याचं असं झालं. चाळीसच्या दशकातच अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास एक पट्टा राखून ठेवला होता. पण त्या काळातल्या व्हॉल्व्ह्जना इतकी उंच फ्रिक्वेन्सी झेपायची नाही, सेट महाग पडायचे. म्हणून १९५८ साली सरकारने २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनेल्स दिले. हाच तो सिटिझन्स बँड, म्हणजे 'सीबी'. चॅनेल्स एकमेकांना खेटून, बहुतेक दहा-दहा किलोहर्ट्झवर. आर्मस्ट्राँगचं ऐसपैस एफएम त्यात मावणं शक्यच नव्हतं. एएमचा सेट साधा आणि स्वस्त. नियमात एएम बसलं आणि बसूनच राहिलं. गंमत बघा, रणगाडे जिथे एफएमवर बोलत होते त्याच २७ मेगाहर्ट्झच्या शेजारात नागरिकांना खरखर मिळाली.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली आणि ट्रकवाल्यांनी सीबी डोक्यावर घेतला. पुढे पोलीस कुठे उभा आहे, डिझेल कुठे मिळतंय, सगळं त्यावर. १९७७ च्या १ जानेवारीपासून चॅनेल्स २३ चे ४० झाले. १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. ट्रकवाल्यांमागून जीपवाले आले. चार वॅटचा सेट आणि मागच्या बंपरवर डुलणारी लांब अँटेना ही जीपची ओळखच झाली. (अँटेना लांब, कारण इथली लहर ११ मीटरची आणि तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर.)

सीबीवर एसएसबी नावाचा तिसरा प्रकारही चालतो. लहरीतला अनावश्यक भाग काढून सगळी ताकद आवाजात घालायची. त्यात १२ वॅटपर्यंत मुभा आहे आणि आवाज लांब जातो. पण सूर नीट जुळला नाही तर समोरचा बदकासारखा बोलतो. खडकांवर आपटत चाललेल्या गाडीत ते जुळवत बसणं म्हणजे शिक्षाच.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या देशांत कसं होतं? ब्रिटनने १९८१ साली सीबीला परवानगी दिली ती फक्त एफएमला. एएम तिथे अधिकृत व्हायला २०१४ उजाडलं. निसर्गाचे नियम अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सारखेच, फक्त कागदावरचे उलटे.

आता माझी फजिती. २००९ चा ऑगस्ट. कोलोरॅडोत इमोजीन पास म्हणून तेरा हजार फुटांवरची खिंड आहे, तिथे आमच्या सहा जीप निघाल्या होत्या. म्होरक्याने आधीच बजावलं होतं, सीबी आण. पण मी पडलो इंजिनियर! परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला होता, पन्नास वॅटचा झकास एफएम सेट बसवला होता. ती चार वॅटची खरखर कशाला हवी, म्हणून सीबी घरीच ठेवला.

उतरताना मी सगळ्यात मागे होतो. स्टिअरिंगच्या तेलाची नळी फुटली. स्टिअरिंग दगडासारखं जड, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. त्यात बायकोला विरळ हवेचा त्रास सुरू झाला, डोकं फुटेल असं दुखत होतं आणि उलट्या थांबेनात. मी माइक उचलून हाका मारत सुटलो. पन्नास वॅट, स्वच्छ एफएम, आणि पलीकडे कोणीच नाही. पुढच्या पाचही गाड्या सीबीवर गप्पा मारत दोन वळणं खाली गेल्या होत्या. मोबाइलला रेंज नव्हती हे सांगायला नकोच.

पाऊण तासाने एक म्हातारे गृहस्थ जुन्या पिकअपमधून आले. त्यांच्याकडे भंगारात निघेल असा सीबी होता. त्यांनी दोनदा हाक मारली. खरखरीच्या ढिगाऱ्यातून म्होरक्याचा आवाज आला, "ऐकतोय, परत येतोय." कमकुवत एफएम संदेश एका मर्यादेनंतर एकदम बुडतो, एएम मात्र खरखरीतही अर्धंमुर्धं ऐकू येतं. त्या दिवशी तेवढं पुरलं. बायकोला आधी खाली नेलं आणि हजार-दोन हजार फूट उतरल्यावर तिला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी हॉटेलात गप्प होतो. तीही काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आर्मस्ट्राँगलाही तंत्रात बरोबर असणं पुरलं नाही. १९४५ मध्ये सरकारने एफएम प्रसारणाचा पट्टाच हलवला आणि लोकांच्या घरातले सगळे एफएम रेडिओ निकामी झाले. पेटंटसाठी तो १९४८ पासून आरसीएशी कोर्टात लढत राहिला. १९५४ च्या सुरुवातीला, पैसा आणि उमेद संपल्यावर, त्याने आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. त्याची पत्नी मॅरियन दावे लढत राहिली आणि शेवटचा दावा १९६७ मध्ये जिंकली.

अमेरिकेत सीबीवर एफएमला परवानगी मिळाली ती थेट २०२१ मध्ये. तीही एएमच्या जोडीला. दरम्यान अनेक जीपवाले 'जीएमआरएस'कडे वळलेत. ४६२ मेगाहर्ट्झ, एफएम, काही चॅनेल्सवर ५० वॅटपर्यंत. ३५ डॉलरमध्ये दहा वर्षांचा परवाना, परीक्षा नाही, सगळं कुटुंब त्यात. आणि हा पट्टा कुठला? चाळीसच्या दशकात नागरिकांना दिलेला, तेव्हा न परवडलेला, तोच!

मावसभावाला मी सांगितलं, "इथून काही आणत नाही. इथले सेट तिथे विनापरवाना चालत नाहीत. तिकडे २००५ पासून २७ मेगाहर्ट्झवर पाच वॅटपर्यंत आणि २०१८ पासून ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यात कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही. त्यातलं बघ."

"पण दादा, दोघांत चांगलं कुठलं?"

"तुझ्या पुढच्या गाडीत जे असेल ते."