'इन द क्रॉसहेअर्स' : नेम धरणे आणि नेम लागणे

इंग्रजी वर्तमानपत्रांत 'इन द क्रॉसहेअर्स' हा वाक्प्रचार वरचेवर आढळतो. दुर्बिणीतून पाहताना एकमेकींना छेदणाऱ्या ज्या दोन बारीक रेषा दिसतात, त्यांना क्रॉसहेअर म्हणतात. अशा रेषांसाठी पूर्वी कोळ्याचे तंतूही वापरत. जमीन मोजण्याच्या थिओडोलाइटमध्ये त्या असतात, तशाच बंदुकीवरच्या दुर्बिणीतही असतात. बंदुकीवरूनच लाक्षणिक अर्थ आला : कुणाच्या तरी निशाण्यावर असणे.

यात एक बारकावा आहे. नेम धरलेला आहे, गोळी अजून सुटलेली नाही. नुकसान झाल्यावर हा वाक्प्रचार वापरणे बरोबर नाही.

आपल्या मराठीत या अर्थाच्या वेगवेगळ्या छटा आहेत. कुणाची भरभराट सहन न होणे म्हणजे 'डोळ्यांत खुपणे'. जुना राग मनात ठेवणे म्हणजे 'डूख धरणे'. संधीची वाट पाहणे म्हणजे 'टपून बसणे'. बोलण्याची दिशा कुणाकडे आहे, तो 'रोख'. इंग्रजी वाक्प्रचाराला सर्वांत जवळचा 'नेम धरणे'.

हल्ली या सगळ्यांच्या जागी 'टार्गेट करणे' एवढेच उरले आहे. आमची नोकरी बँकेत झाली. तिथे टार्गेट म्हणजे मार्चअखेर गाठायचे ठेवींचे उद्दिष्ट. बेळगाव-निपाणी भागात मात्र 'मराठी म्हणून आम्हाला टार्गेट करतात' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा अनुभव त्यामागे आहे, म्हणून ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

परंतु हेच वाक्य अर्जात लिहिले, तर काय घडले ते वाचणाऱ्याला कळत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मांडता येते. कलम ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. तिथे 'अमुक तारखेला अमुक कागद मराठीत मागितला, अमुक उत्तर मिळाले' असे लिहावे आणि पोच घ्यावी.

आपल्यावर नेम धरला आहे, ही शंका घरात बोलावी. नेम लागला असेल, तर तो तारीखवार कागदावर यावा. तरुण मंडळींनी हा फरक जरूर ध्यानात ठेवावा.