जन्मापासून मोजलेली मुलं : पुण्याजवळच्या सहा गावांचा अभ्यास

एकाच बालकाची जन्मापासून वर्षानुवर्षे तपासणी करत राहणं, हा जन्म-समूह अभ्यास. सातारा-सांगलीला जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा गावांत तो सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या किरकोळ बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. पुढे मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो. सुमारे दोन तृतीयांश गरोदर मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं.

पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्या मातांची बाळं मोठी होती, तर शेतात-घरात जास्त राबणाऱ्यांची लहान. ही दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. गरोदर बाईला ‘नीट खा’ सांगणारे पुष्कळ. तिचं काम कोण उचलणार, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या मातांच्या बाळांची साधी वजनाची नोंदसुद्धा हंगाम संपला की तुटते. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाला एका गावात टिकलेली कुटुंबं लागतात. ही मुलं त्यात येणार कशी?