मयताचं देणं

मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडे म्हण आहे. राजकारणातला म्हातारा माणूस गेला की तिचा प्रत्यय हमखास येतो. कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या जाण्यानं ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते. शोकसभेतली भाषणं नाव बदललं तर कुणालाही लागू पडतील अशी असतात. खरं बोलणं चालतं ते ओट्यावर, पिठाच्या गिरणीवर, बाजाराच्या गर्दीत. मला इतिहास तिथं जास्त सापडतो.

आमच्या मानोऱ्याच्या माणसाला यासाठी लांब जायला नको. शेजारच्या पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईक यांचं गाव. 5 डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. 1977 मध्ये ते वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं 66. तेव्हा मानोरा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी नऊ वर्षांचा होतो. मोठी माणसं काय बोलत होती, ते त्या वेळी कानावर पडलं. अर्थ पुढं कळत गेला.

पहिली हळहळ तांड्यांतली. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. तांड्यावर जन्मलेला मुलगा नागपुरात शिकतो, वकील होतो आणि राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसतो, ही गोष्ट तिथल्या आईबापांना आपल्या लेकरासाठी स्वप्न पाहायला पुरेशी होती. त्यांच्या दृष्टीनं नेता गेला नव्हता, घरातलं माणूस गेलं होतं.

दुसरं बोलणं मजुरांचं. 1972 च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो, पण आईनं ते दिवस इतक्यांदा सांगितले की मला ते पाहिल्यासारखे वाटतात. मोहल्ल्यातल्या, तांड्यातल्या आणि बौद्धवाड्यातल्या बाया एकाच रांगेत बसून खडी फोडायच्या. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन लोक जगले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर कामाला आली. पुढं 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये तीच वाट देशानं धरली. कल्पना पाग्यांची, पण तिच्यामागं सरकार उभं केलं ते नाईकांनी. खडी फोडणाऱ्या बाईला दोन्ही नावं सारखीच मोलाची.

शेतकऱ्यांचं बोलणं मात्र गोड आणि कडू, दोन्ही. संकरित ज्वारी आली, कोठ्या भरल्या. अकोल्यात 1969 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. पण हायब्रीडच्या भाकरीला चव नाही, ताट बुटकं म्हणून ढोरांना कडबा पुरत नाही, अशी कुरकुरही होती. कुरकुर करणाराच माणूस नाईकांच्या आठवणीनं डोळे पुसायचा. त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं, आणि ते विसंगत नव्हतंही.

याशिवाय एक प्रतिक्रिया होती, ती शब्दांत आली नाही. मे 1970 मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड इथं दंगली झाल्या, त्याही याच कारकिर्दीत. सरकारनं न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला. पोलिसांच्या पक्षपातावर त्या आयोगानं स्पष्ट बोट ठेवलं. शिवसेना वाढताना सरकारनं काणाडोळा केला, असाही आरोप होता. तिला ‘वसंतसेना’ म्हणून चिडवलं जाई. आमच्या मोहल्ल्यातली जाणती माणसं नाईकांना दुवा देत, त्यांनी आपल्या पोटाला काम दिलं म्हणत. आणि भिवंडीचं नाव निघालं की गप्प होत. मयताच्या वेळी ते कसं काढायचं, असा संकोच असे.

पण आमच्यात जनाजाच्या नमाजेआधी घरचं माणूस पुढं येऊन विचारतं, ‘मयतावर कुणाचं देणं असेल तर सांगा.’ त्या वेळी कुणी देणं सांगितलं, तर तो मयताचा अपमान मानत नाहीत. उलट ते फेडलं की गेलेला माणूस हलका होतो, अशी श्रद्धा आहे. हा रिवाज मला इतिहास लिहिणाऱ्यांसाठी फार उपयोगाचा वाटतो. गेलेल्याचे उपकार सांगावेतच, पण त्याच दमात त्याच्या नावावरचं देणंही मोजावं. भिवंडीत ज्यांचं घर जळलं, त्यांचं देणं एकट्या वसंतरावांवर टाकता येणार नाही. पण सत्तेच्या वहीतून ते खोडताही येणार नाही.

1 जुलै हा नाईकांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा, की आमचा वाशिम जिल्हाही 1 जुलै 1998 रोजीच अस्तित्वात आला. 2013 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. नाव देणं, हार घालणं सोपं आहे. खडी फोडलेल्या बाईची कृतज्ञता आणि भिवंडीनंतर गप्प राहिलेल्या माणसाचं दुखणं एकाच पानावर लिहिणं अवघड आहे. एवढं केलं तरच आपण त्या माणसाला नीट निरोप दिला, असं मी म्हणेन.