घटका, तास आणि घड्याळ : काही कालवाचक शब्दांचा वस्तुनिष्ठ इतिहास

काळ ही कल्पना अमूर्त असली तरी तो मोजण्याची साधने मूर्त असतात, आणि कालविभागांची नावे पुष्कळदा या साधनांवरूनच पडलेली आढळतात. साधन व्यवहारातून गेले तरी नाव मागे राहते. घटका, तास आणि घड्याळ हे मराठीतील तीन नित्याचे शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

प्राचीन ग्रंथांत दिवसाच्या साठाव्या भागाला नाडिका किंवा नालिका अशी संज्ञा आहे. नळीतून पाणी बाहेर वाहू देऊन काळ मोजण्याची जी पद्धत अर्थशास्त्रात सांगितली आहे, तिचाच हा शब्द निदर्शक होय. पुढे ही पद्धत मागे पडून बुडत्या पात्राची पद्धत रूढ झाली. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यावर सोडावे आणि ते अहोरात्रात साठ वेळा बुडावे, असे सूर्यसिद्धान्तात त्याचे वर्णन आहे. पात्र हा घट, म्हणून त्याने मोजलेला काळ ती घटी किंवा घटिका. तिचे मान आजच्या २४ मिनिटांइतके; साठ पळे म्हणजे एक घटका, आणि दोन घटका म्हणजे एक मुहूर्त. ‘घटका भरली’ या मराठी वाक्प्रचारातील क्रियापद मूळचे लाक्षणिक नव्हे. पात्र खरोखरच भरत असे. ‘शेवटच्या घटका मोजणे’ यातील मोजणेही तसेच प्रत्यक्ष कृतीतून आलेले आहे.

पात्र बुडाले हे जवळ बसलेल्यालाच दिसे. इतरांस ते कळावे यासाठी टोला देणे आवश्यक होते. येथे बाबराच्या आत्मचरित्राची साक्ष महत्त्वाची आहे. हिंदुस्थानातील शहरांत दोन बोटे जाडीची कांशाची थाळी उंच टांगलेली असते, तिला घडियाल म्हणतात, व ती वाजविणाऱ्यास घडियाली म्हणतात, असे तो नोंदवितो. रात्री जागा झालेल्या माणसाला तीन किंवा चार टोले ऐकून प्रहर दुसरा की तिसरा हे उमगत नसे. म्हणून घटकांच्या टोल्यांमागून प्रहराचेही टोले द्यावेत, अशी आज्ञा त्याने केली. या नोंदीवरून घडियाल हे मोजण्याचे नव्हे, तर ऐकविण्याचे साधन होते हे स्पष्ट होते.

पाश्चात्य यंत्र आल्यावर भाषांनी निरनिराळी निवड केली. हिंदीने यंत्राला ‘घडी’ हे कालमानाचे नाव दिले आणि ‘घडियाल’ हा शब्द मुख्यतः टोल्याच्या थाळीकडे ठेवला. मराठीने व गुजरातीने थाळीचे नाव यंत्राला दिले. मराठीत घटका हे कालमानच राहिले. ‘तास’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. फार्सीत तास म्हणजे वाटी, परात. मराठीत तो शब्द ठोके देण्याच्या धातुपात्राला लागला, आणि तेथून ठोक्यांनी मोजल्या जाणाऱ्या कालखंडाला. मनगटावरील मुक्या घड्याळाकडे पाहूनही मराठी माणूस ‘किती वाजले?’ असेच विचारतो. काळ डोळ्यांनी वाचण्याची सवय नवी आहे. भाषेत तो अद्याप कानांनी ऐकला जातो.

घटकांची गणना सूर्योदयापासून होत असल्यामुळे ती स्वभावतः स्थानिक होती. यांत्रिक घड्याळाने हे नाते तत्काळ तोडले नाही. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे ठरली. तरी मुंबईत जुनी वेळ सुमारे १९५५ पर्यंत टिकून राहिली. हे ३९ मिनिटांचे अंतर दीड घटकेहून अधिक आहे. लोकांनी सोडावयाचा होता तो केवळ काट्यांचा फरक नव्हता, आपल्या गावच्या सूर्याशी असलेला संबंध होता.

या विवेचनाचा एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जुन्या घराण्यांतील वस्तूंची नोंद आता बहुधा छायाचित्राने केली जाते. काट्यांच्या घड्याळाच्या छायाचित्रात निदान तबकडी दिसते. विवाहमुहूर्तासाठी वापरलेल्या घटिकापात्राच्या छायाचित्रात केवळ एक वाटी दिसते. बाजूने घेतलेल्या चित्रात तळाचे छिद्रही उमटत नाही, आणि उद्या तिची गणना स्वयंपाकघरातील भांड्यांत झाल्यास नवल नाही. म्हणून नोंद करणाऱ्याने पात्राचे वजन व छिद्राचे माप घ्यावे आणि ते पाण्यावर सोडून बुडण्यास लागणारा वेळ मोजावा. छिद्रात मळ साचला असेल तर तो वेळ वाढेल, हे ध्यानात ठेवावे. त्याचबरोबर त्या घरातील वृद्ध माणसे पात्राला, ते सोडण्याच्या क्रियेला आणि ते बुडण्याला कोणते शब्द वापरतात तेही टिपावे. पात्र संग्रहालयात ठेवता येते. ते शब्द मात्र उच्चारणाऱ्याबरोबरच जातात.