पीबॉडी रायफल

तरफेने उघडणारी एकबारी अमेरिकन रायफल. बॉस्टनच्या हेन्री पीबॉडी यांना १८६२ मध्ये तिचे एकस्व मिळाले. उत्पादन प्रॉव्हिडन्स टूल कंपनीचे. चापाभोवतीची कमान हीच तरफ. ती खाली ओढताच नळीमागचा ठोकळा पुढच्या टोकाने उतरतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. घोडा मात्र दर बारापूर्वी हाताने चढवावा लागे. फ्रीड्रिख फोन मार्टिनी यांनी तो काढून आत प्रहारक बसवला. त्यातूनच १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री घडली (पाहा : मार्टिनी-हेन्री रायफल). हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींकडे तीच असे. मूळ पीबॉडी आता संग्राहकांकडे आढळते. भारतात दुरुस्तीनंतरही न चालणारी जुनी बंदूकच १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून वगळली आहे; नुसते जुनेपण पुरत नाही.