नापास होण्याची ऐपत

गणितात माझी वायडी झाली तेव्हा पप्पा सेकंड शिफ्टला निघाले होते. चिकलठाणा एमआयडीसीत ते कामाला आहेत. चिडले नाहीत. बुटाची नाडी बांधता बांधता एवढंच विचारलं, "म्हणजे फी परत भरायची का?"

आमच्या ग्रुपमध्ये दोघांची वायडी झाली. एक मी आणि दुसरा माझा मित्र, ज्याच्याकडे गॅदरिंगला माईक असायचा. हॉस्टेलच्या पाण्याचा प्रश्न असो की स्कॉलरशिप अडकलेली असो, सरांपुढे बोलायला पोरं त्यालाच पुढं करायची.

घरात नजरेला नजर नको म्हणून मी संध्याकाळी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचो. मोबाइलवर एक जुनी पीडीएफ होती, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' शाळेत फक्त नाव पाठ केलेलं. वाचता वाचता लेखकाची माहिती शोधली आणि उडालोच. हा माणूससुद्धा गणितात कच्चा! कॉलेजात गेला, पण पदवी काही मिळाली नाही. मला एकदम जवळचा वाटला.

मग पुढचं वाचलं.

आपट्यांचा जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. वाढले ते मुंबई-पुण्यात, काकांच्या आधाराने. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबईचे नामांकित, पैसेवाले वकील. या काकांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवायच्या आणि छापायच्या, हे तिचं काम. तिचा कारभार पुतण्याकडे आला. म्हणजे पदवी हुकली तरी पोटाचा प्रश्न सुटलेला होता. १८९० मध्ये आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातच तुकड्यातुकड्यांनी छापली.

त्या काळावरच्या कादंबऱ्यांत एक पात्र बऱ्याचदा भेटतं. बऱ्या घरचा, शिकलेला, तरुणांचा पुढारी. सभा भरवतो, थोरांशी वाद घालतो. टागोरांच्या 'गोरा'मधला गोरा हा त्याचा सगळ्यात गाजलेला नमुना. तो देशाचा विचार करतो, धर्माचा करतो, तुरुंगातही जातो. पण महिनाअखेरीला घर कसं चालणार, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. मराठीत असं पात्र शोधताना मला वाटलं, ते कादंबरीत नाहीच. कादंबरी लिहिणारा आपटेच तो आहे.

न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आपटे शिकले. चिपळूणकर, टिळक, आगरकर तिथले शिक्षक. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या आपट्यांनी 'शिष्यजनविलाप' ही कविता लिहिली. नावातच बघा, एकट्याचं रडणं नाही. सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने तो बोलतोय. पुढे आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' हे भाषांतर केलं, तर त्यावर या पोराने लांबलचक टीका लिहिली. आपल्याच मास्तरांवर! हे धाडस होतंच. पण मास्तर रागावले तरी घरची चूल पेटणार होती, हेही खरं.

म्हणून त्यांच्यावर रागवावं का? मी आधी रागावलो. मग यमूकडे परत आलो.

कादंबरी यमूच्या तोंडून आहे. ती लहानपणी लग्न झालेली मुलगी. नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो, त्यावरून सासरी बोलणी बसतात. मुंबईत थोडे दिवस मोकळा श्वास मिळतो. मग नवरा जातो आणि घरचे तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन करतात. आपट्यांनी पुढारी तरुणाला भाषण ठोकू दिलं नाही. ज्या बाईला घरात कुणी विचारत नव्हतं, तिला बोलू दिलं. मिळालेली सवड त्यांनी तिच्यावर खर्च केली. हे मला मोठं वाटतं.

तरीही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपट्यांच्या जन्माच्याही आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. छपराविना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल तिने लिहिलं, ज्या धर्मात आपल्याला जागाच नाही त्याला आपला कसं म्हणायचं, असं विचारलं. तिला यमूसारखा दुसऱ्याचा आवाज लागला नाही. पण तिच्यामागे काका नव्हता, आनंदाश्रम नव्हता, साप्ताहिक नव्हतं. आज तिचा तो एकच निबंध आपल्या हातात आहे.

दोघांच्या हुशारीत मला फरक दिसत नाही. फरक दिसतो तो पुढच्या पानाचा. एकाला ते मिळालं, दुसरीला नाही.

बाबासाहेबांना हे नेमकं कळलं होतं, असं मला वाटतं. ते स्वतः १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९५० मध्ये त्यांनी आपल्याच शहरात कॉलेज सुरू केलं, आजचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यांतून पोरं आली. ज्यांच्या घरी पैसेवाला काका नव्हता, त्यांना वर्ग मिळाला, लायब्ररी मिळाली. पुढे याच शहरातून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघालं आणि दलित लेखकांच्या पिढ्या त्यात लिहित्या झाल्या. त्यांचा पहिला लेख शेवटचा ठरला नाही.

माझं गणित पुढच्या परीक्षेत सुटलं. फी पप्पांनी ओव्हरटाइम करून भरली. त्यांनी ते सांगितलं नाही, मम्मीने सांगितलं.

मित्र मात्र परत आला नाही. घरी फी दुसऱ्यांदा भरणारं कोणी नव्हतं. तो आता कंपनीत लागलाय. परवा स्टेशनजवळ भेटला, चहा घेतला. कॉलेजात आता कोण बोलतं, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही रे.